दोन जावांच्या पाठीवर

मी सॅक बोलतेय. शाळेची नाही, प्रवासाची नाही. डोंगरातून साठ-सत्तर किलोमीटर पळणारी माणसं जी सॅक जाकिटासारखी अंगात चढवतात, त्यातली मी. माझ्या पोटात पाण्याची दोन लिटरची पिशवी, तिची नळी खांद्यावरून तोंडापाशी येते आणि छातीच्या पट्ट्याला एक शिट्टी. एवढंच माझं शरीर. माणसांवर माझा फारसा जीव नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तुमचा गैरसमज नको.

माझा जन्मच भांडणात झाला. ज्या बाईने मला शिवलं तिचं आणि मुकादमाचं त्या दिवशी वाजलं होतं. तो तिच्या डोक्याशी उभा राहून "हात चालव, हात चालव" करत होता आणि ती मशीन दामटत होती. माझ्या खांद्यांच्या शिवणी तिने रागारागाने दोन-दोनदा मारल्या. नऊ वर्षं झाली, अजून एक टाका उसवलेला नाही. प्रेमाने शिवली असती तर एवढी टिकले असते की नाही, देव जाणे.

दुकानातून मला घेऊन गेली ती थोरली. एका इमारतीत दोन भाऊ राहत. तिसऱ्या मजल्यावर मोठा भाऊ आणि त्याची बायको, ही थोरली. दुसऱ्या मजल्यावर धाकटा भाऊ, त्याची बायको धाकटी आणि सासरे. थोरली शाळेत खेळाची शिक्षिका. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोरगंही जागच्या जागी ताठ व्हायचं.

उजाडताच ती मला अंगात चढवायची आणि पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर जायची. वर, खाली, पुन्हा वर. असं आठ वेळा. पाय घट्ट व्हावेत म्हणून माझ्यात ओल्या वाळूच्या बाटल्या कोंबायची. घरी आली की मला कोपऱ्यात भिरकावायची. घाम वाळून माझ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. तिच्याकडच्या आठ वर्षांत तिने मला तीनदा धुतलं. आणि न्याय म्हणाल तर असा: जिंकली तर तिचे पाय, हरली तर माझा पट्टा.

हरायची मात्र क्वचितच. सत्तर किलोमीटरच्या डोंगरातल्या शर्यतीत सलग सहा वर्षं बायकांमध्ये तीच पहिली.

धाकटी डायलिसिस विभागात काम करायची. दिवसभर नळ्या जोडायच्या, सोडवायच्या, कुठे थेंब गळतोय का ते बघायचं. पाठ आखडते म्हणून ती एकदा थोरलीला म्हणाली, "ताई, मी येऊ का सकाळी तुमच्याबरोबर?"

"ये की. पण मी कुणासाठी थांबत नाही."

थांबली नाहीच. पाठीवर असल्यामुळे माझं तोंड कायम मागे. थोरलीला जे दिसत नव्हतं ते मला दिसायचं. पहिले काही महिने धाकटी म्हणजे उतारावरचा एक ठिपका. मग तिचा चेहरा दिसू लागला, मग श्वास ऐकू येऊ लागला. दुसऱ्या वर्षी एका सकाळी मागे कुणीच नव्हतं. थोरलीचे खांदे माझ्याखाली दगडासारखे झाले तेव्हा कळलं, धाकटी पुढे गेलीय.

त्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या नेहमीच्या एकत्र जेवणात सासरे हसत म्हणाले, "यंदा थोरलीला धाप लागणार म्हणायची."

सगळे हसले. थोरलीही हसली. वर आल्यावर तिने मला लाथ मारली.

त्याच सुमारास माझ्या आतल्या पाण्याच्या पिशवीला खालच्या शिवणीपाशी चीर गेली. थोरलीने शाळेतून फुटबॉलला लावतात ते सोल्यूशन आणलं आणि चीर चिकटवली. स्वतःसाठी मात्र नवी सॅक घेतली. शर्यतीला दोन दिवस होते. तिने माझी पिशवी भरून मोरीत टांगली. तासभर काही झालं नाही. मग तिने ती धरून गदागदा हलवली. चिरेतून एक थेंब आला. मग दुसरा.

तिने तो पाहिला. बोटाने पुसला. पिशवी रिकामी करून माझ्यात घातली आणि मला घेऊन जिना उतरली.

धाकटीने दार उघडलं. "ताई, ही तुमची सॅक? मला?"

"तुझ्या त्या चिमुकल्या सॅकमध्ये नियमाचं दीड लिटर पाणी मावत नाही. सुरुवातीच्या तपासणीतच बाद होशील."

"शर्यत झाली की धुऊन परत देते."

"राहू दे. तुझीच झाली आता."

धाकटीने मला त्याच दुपारी कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने धुतलं. पिशवी तपासली नाही. दिवसभर नळ्या तपासणारी बाई ती, पण थोरल्या जावेने दिलेल्या वस्तूत काय बघायचं, असं तिला वाटलं असणार. मी काय सांगणार? मला शिट्टी आहे, पण ती फुंकायला तोंड माणसाचं लागतं.

शर्यत सकाळी सहाला सुटली. पहिले दोन-अडीच तास सोल्यूशनने दम धरला. अठराव्या किलोमीटरच्या थांब्यावर धाकटीने पिशवी काठोकाठ भरली आणि पुढच्या उघड्याबोडक्या कड्यावर चढायला लागली. ती बायकांमध्ये पहिली होती. पाठ ओली झाली तेव्हा तिला घाम वाटला. चोविसाव्या किलोमीटरला तिने नळी तोंडात धरली आणि नुसती हवा आली.

ती खाली बसली. पिशवी बाहेर काढून उन्हात धरली आणि चिरेवरून अंगठा फिरवला.

"नुसती फाटलेली नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली. "चिकटवलेली आहे."

पुढचा थांबा बारा किलोमीटरवर. तेवढ्यात मागून थोरली आली.

"ताई, पाणी संपलं. दोन घोट द्या."

"मलाच पुरणार नाही," थोरली पाय न थांबवता म्हणाली. "पुढे थांबा आहे ना."

ते बारा किलोमीटर मला आठवायचे नाहीत, पण आठवतात. धाकटीचा घाम आधी थांबला. मग भर उन्हात तिच्या हातावर काटा आला. ती पळायची सोडून चालू लागली, मग झाडाला धरून उभी राहू लागली. तिच्या पाठीतली धडधड मला हातोड्यासारखी लागत होती. थांब्यावर पोचली तेव्हा तिथले पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक तिला खुर्चीत बसवून म्हणाले, "बाई, बास झालं आता. गाडी बोलावतो."

तिने अर्धा तास घोट-घोट पाणी घेतलं, मिठाच्या गोळ्या चघळल्या. मग म्हणाली, "दोन रिकाम्या बाटल्या मिळतील?"

त्या भरून माझ्या पुढच्या खिशांत खोचल्या आणि ती उठली. ती कशाच्या जोरावर पळतेय ते मला कळत होतं. प्रेमाच्या नव्हे. मला शिवणाऱ्या बाईच्या हातात होतं ना, ते हिच्या पायांत उतरलं होतं.

साठाव्या किलोमीटरच्या पुढे मुरमाड उतारावर, वाटेच्या कडेला थोरली बसली होती. घोटा टरारून सुजलेला.

धाकटी समोर उभी राहिली. "शिट्टी का नाही वाजवलीत?"

"वाटलं, उठता येईल. बाकीच्यांनाही बरी आहे म्हणून पुढे धाडलं."

"पिशवीचं तुम्हाला माहीत होतं?"

थोरलीने तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "हो."

"गळताना पाहिली होती?"

"हो. पाहून पुसली होती."

धाकटीने माझ्या पट्ट्यावरची शिट्टी तोंडात धरून तीनदा फुंकली. जखमी दिसला तर मदत येईपर्यंत थांबायचं, असा शर्यतीचा नियम होता. ती उभीच राहिली. बसली नाही.

"जा तू," थोरली म्हणाली. "तुझा वेळ जातोय."

"नियम आहे म्हणून थांबलेय. तुमच्यासाठी नाही."

थोड्या वेळाने थोरलीने आपल्या नव्या सॅकची नळी पुढे केली. "पाणी घे."

"नको."

पंचवीस मिनिटांनी दोन स्वयंसेवक आले. धाकटी मागे न बघता निघाली. बायकांमध्ये पाचवी आली.

पुढच्या रविवारी धाकटीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज न चढवता, कामावरची नोंद वाचावी तसं. सासरे म्हणाले, "काहीतरी गैरसमज झाला असेल."

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसलेली थोरली म्हणाली, "गैरसमज नाही. मीच केलं."

त्यानंतर रविवारचं एकत्र जेवण बंद झालं. भाऊ जिन्यात भेटले तर हवेविषयी बोलायचे.

चार महिन्यांनी थोरली लंगडत खाली आली. हातात नवी कोरी पाण्याची पिशवी.

"हिला भोक नाही," ती म्हणाली.

धाकटीने पिशवी घेतली. नळाखाली काठोकाठ भरली, गदागदा हलवली आणि दाराच्या कडीला टांगली. खाली वर्तमानपत्र पसरलं आणि घड्याळ पाहिलं. थोरलीला आत बोलावलं नाही, बसायला खुर्ची दिली नाही. दोघी उंबरठ्याच्या अल्याड-पल्याड उभ्या. एक तास. थोरलीने दुखऱ्या पायावरचा भार तीनदा दुसऱ्यावर टाकला, पण गेली नाही.

तासाने धाकटीने खाली वाकून वर्तमानपत्रावर तळहात फिरवला.

"कोरडं आहे."

"हो."

"ठीक आहे. ठेवून घेते." मग दार लोटता लोटता म्हणाली, "टाकीच्या टेकडीवर सकाळी मी असते. तुम्ही पलीकडची धरा."

थोरलीने मान हलवली आणि कठडा धरून जिना चढू लागली.

मी आता धाकटीकडे असते. दर शर्यतीनंतर मला धुतात, सावलीत वाळवतात. त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि बोलाव्यात असं माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला एवढंच सांगायचंय: माझ्यासारखी जुनी वस्तू कुणाला द्यायची तर आधी पाणी भरून बघा. गळत असेल तर सरळ कचऱ्यात फेका, मला राग येणार नाही. पण थेंब पुसून दुसऱ्याच्या पाठीवर चढवू नका.

चला, पट्टा आवळलाय तिने. निघते.