बिनफोटोचा आजार

माझी धाकटी जाऊ रेश्मा आणि मी एकाच आठवड्यात आजारी पडलो. तिला न्युमोनिया, मला रक्त कमी. तिच्या आजाराचा फोटो निघाला, माझ्या आजाराचा नाही, आणि आमच्या घरात सगळं तिथंच ठरलं.

वळसंगहून, बार्शीहून पाहुणे समाचाराला येत. आमच्या सासूबाई अक्कम्मा रेश्माचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून फुफ्फुसातला, डॉक्टरांनी पेनानं गोल केलेला पांढरा डाग दाखवत. पाहुणे हळहळत, शहाळी ठेवत, मग चहासाठी माझ्याकडे बघत. रेश्मा खोकली की सगळे दचकत. मला नुसती धाप लागायची, आणि धाप कुणाला ऐकू येते?

"डॉक्टर म्हणालेत, दवाखान्यात राहून रक्त चढवावं लागेल. हिमोग्लोबिन साडेसहा आहे," मी सांगून पाहिलं.

"साडेसहा हाय की! शून्य हाय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "त्या पोरीच्या छातीत डाग हाय. तुझा कुटं हाय, दाखव."

असा संताप आला! पण भांडायलासुद्धा अंगात रक्त लागतं.

शेवटी एक दिवस मी चहाच्या ट्रेसकट खाली पडले. सासूबाईंनी जागेवरच निदान केलं: रेश्माची लागण. माझा नवरा महेश्वर मला घेऊन जाऊन एक्स-रे काढून आला. फोटो साफ निघाला. सासूबाईंना कोण आनंद!

"कायबी न्हाय झालेलं. ऊठ, चहा टाक. वळसंगच्या अंबुआत्या आल्यात."

मी भिंतीला धरून उठले. तोवर अंबुआत्यांनी हौसेनं दोन्ही फोटो खिडकीशी धरले होते. माझ्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"अगं बाई! अक्कम्मा, रेश्माचा डाग बारका हाय. दिपालीचा बघ, मुठीएवढा! मधोमध!"

ते माझं हृदय होतं.

सांगणार होते मी, देवाशप्पथ. पण सासूबाईंचा चेहरा पडलेला पाहिला आणि तोंड मिटून घेतलं.

"एवढा मोठा डाग घिऊन सून चहा करती, आन् तू बसून पितीस?" आत्या कडाडल्या. "गावात कळलं तर काय म्हनतील?"

"महेश्वर!" सासूबाई ओरडल्या. "गाडी काढ! हिला ॲडमिट करायचंय. रक्त चढवा, काय पायजे ते चढवा!"

आता माझ्या हातात सुई आहे आणि बाटलीतून रक्त उतरतंय. उशाशी सासूबाई बसल्यात. कुणी भेटायला आलं की खिडकीशी जातात आणि माझं हृदय दाखवून डोळे पुसतात.