सोनबाच्या कानाला लागलेली मूठ

मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आहे. पण मित्रांनो, खरं सांगतो, मी आयुष्यात चार स्क्रूसुद्धा फिरवले नसतील. माझं काम ऐकण्याचं! चालू इंजिनावर माझं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत कुठे काय खुपतंय ते मी थेट कानात सांगतो.

चाकणजवळच्या एका गावातल्या सोनबाने मला स्वतः घडवलं. सळई कारखान्यातली उरलेली आणि मूठ त्याच्या घरच्या मोडक्या औताच्या बाभळीची. दिवसा तो प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या यंत्रावर काम करी आणि संध्याकाळी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करी. वाकडहून लोक गाड्या घेऊन येत. "सोनबाचा कान म्हणजे कान!" असं कुणी म्हटलं की तो मला पुसून ठेवी. खंडेनवमीला पहिलं कुंकू मला लागे. पाने, पकडी नुसत्या बघत राहत. थोडा माज होता मला, नाही कशाला म्हणू?

कारखान्यात यंत्रांच्या दणदणाटापासून वाचायला कानात घालायचे पिवळे बोळे मिळत. सोनबा ते खिशात ठेवी. "कानात घातलं की दोस्ताची हाक ऐकू येत न्हाई," म्हणे. अशी अठरा वर्षं गेली. मग नोकरी सोडून तो पूर्णवेळ गॅरेजमध्ये बसला, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो मला कानावर पूर्वीपेक्षा जोरात दाबू लागला होता. फोन वाजत राही आणि हा शेजारी उभा! बायको अंबुबाई घरातून येऊन तो उचली. मला त्याचा फार राग येई. अरे बाबा, कुणाला तरी सांग की!

एके दिवशी वर्षाली आली. ती पिंपळे गुरवहून आपल्या गाडीतून सहा बायकांना चाकणच्या पहिल्या शिफ्टला आणते.

"काका, गाडी चालू केली की किंचाळतीय नुसती! अख्खी गल्ली जागी होते," ती म्हणाली.

सोनबाने मला इकडेतिकडे टेकवलं आणि जरा थांबून म्हणाला, "बेल्ट गेलाय." त्याने नवा बेल्ट घातला. त्या वेळी आवाज नेमका थांबला होता, म्हणून निभावलं.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. आवाज असा की समोरच्या चहावाल्याने कान झाकले.

"बायका म्हणतात दुसरीकडं दाखव," वर्षाली म्हणाली. "मी म्हटलं, सोनबाकाकांचा कान चुकत न्हाई."

सोनबाने मान खाली घातली आणि मला उचललं. बेल्टला ताण देणाऱ्या छोट्या पुलीच्या मधल्या बोल्टवर माझं टोक आलं तेव्हा मी थरथरत होतो, त्याच्या कानात जीव तोडून ओरडत होतो. "हेच, सोनबा, हेच!" आणि तो मला पुढच्या बोल्टवर घेऊन गेला. मित्रांनो, मला रडू फुटलं असतं तर मी तिथेच रडलो असतो.

तो थांबला. त्याने गाडीच्या कडेवर हात टेकला.

"पोरी, मला ह्यो आवाज ऐकूच येत न्हाई. बेल्ट अंदाजानं बदलला. चुकलो मी."

वर्षाली इंजिनाजवळ आली. मग तिने हात पुढे केला. "द्या इकडं. मी ऐकते. कुठं ठेवू ते तुमी सांगा."

"आधी ओढणी खोच. फिरत्या पुलीपासून लांब. आता ह्या बोल्टवर... आता पलीकडच्या..."

बाभळीच्या मुठीला पहिल्यांदाच दुसरा कान लागला. त्याच पुलीवर आल्यावर तिने डोकं झटकन मागे घेतलं. "आई गं! काका, हितंच!"

"सूं सूं का करकर?"

"करकर. वाळू घातल्यागत."

"बेअरिंग गेलंय! बरं झालं सापडलं. पुली अडकली असती तर बेल्ट तुटून सहा बायांसकट गाडी हायवेवर उभी राहिली असती," सोनबा म्हणाला. आवाज त्याचा होता, पण त्यात पूर्वीचा रुबाब नव्हता.

त्याने नवी पुली बसवली. वर्षालीने गाडी चालू केली. सोनबा इंजिनाकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. ती हसली, तेव्हा त्याला कळलं की आवाज थांबला.

मित्रांनो, पुली दुकानात मिळते. सोनबाचा कान कुठे मिळणार? म्हणून कान जपा, एवढंच मी म्हातारा सांगतो. आणि मी सांगितलेलं पटत नसेल तर आमच्या गॅरेजला या. हल्ली प्रेस शॉपमधला कुणी गाडी घेऊन आला की सोनबा आधी त्याचा खिसा चाचपतो. बोळे सापडले की त्याच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "हे उद्यापास्नं कानात घालशील का, ते सांग. मग बॉनेट उघडतो."