आठव्या वळणाचा सांधा

शर्यतीच्या गाडीत चालकाच्या डोक्यामागे संत्र्याएवढा एक गोळा बसवलेला होता आणि त्याला सहा भिंगं होती. त्या सहा चित्रांना जोडून एकच सलग गोल चित्र करायचं, म्हणजे घरबसल्या प्रेक्षकाने पडद्यावर बोट फिरवलं की त्याला पुढे, मागे, आभाळाकडे, हवं तिकडे बघता यावं, हे तिचं काम. संघातले सगळे तिला शिंपीण म्हणत. तिची शिवण कुणाला दिसत नसे. चुकून दिसलीच, तर पुढचे दोन दिवस बाईंच्या जवळ जायची सोय नसे.

शिवणीचा नियम साधा होता. शेजारच्या दोन भिंगांच्या कडा एकमेकींवर येतात. तिथे दोन्हींत दिसतं ते ठेवायचं, एकातच दिसतं ते कचरा समजून पुसायचं. इतकी वर्षं तिने हेच केलं होतं, डोळे झाकून.

कोण कुठे बघतंय हेही तिच्या दुसऱ्या पडद्यावर उमटायचं. एक प्रेक्षक, एक लाल ठिपका. शर्यतीच्या दिवशी दुपारी तिने आदल्या दिवशीच्या सरावाचे ठिपके सहज चाळले आणि तिची बोटं थबकली. आठव्या वळणावर सगळेच्या सगळे ठिपके पुढचा रस्ता सोडून डाव्या हाताच्या टायरच्या भिंतीकडे धावत होते. प्रत्येक फेरीला. भिंतीपाशी तर काहीच नव्हतं. काही नसलेलं बघायला हजारो माणसं एकदम मान कशी वळवतील?

तिने न जोडलेलं, डाव्या भिंगाचं मूळ चित्र उघडलं. सांध्याच्या पट्टीत, भिंतीला पाठ लावून, बाबा उभे होते.

बाबांनी सत्तावीस वर्षं त्याच वळणावर पिवळा झेंडा सांभाळला होता. पुढे धोका असला की उघडायचा, नसला की गुंडाळून काखेत धरायचा. तीन वर्षांपूर्वी ते घरी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आता झेंडा गुंडाळून काखेत होता आणि टोपी नेहमीसारखी तिरकी. भीतीपेक्षा लाज मोठी होती, कारण दर आठवड्याला ती आपल्याच बापाला सफाईने पुसत आली होती.

शेजारच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून इंजिनिअर बसला होता. गाडीशी बोलायचं बटण त्याच्याकडे. गाडी तिचा धाकटा भाऊ चालवायचा. घरात तो अजूनही बारक्याच होता.

"तो आठव्या वळणावर कधी थांबल्यासारखं करतो का हो?" तिने विचारलं.

"करायचा!" इंजिनिअर खुशीत होता. "दर फेरीला गॅसवरून पाय काढायचा. म्हणे तिथे कुणीतरी उभं असतं. आज सकाळी तुमचीच फिल्म दाखवली त्याला, चारदा फिरवून. म्हटलं, बघ, तुझ्या ताईने जोडलंय, आहे का कोणी? पटलं बिचाऱ्याला. आज पूर्ण वेगात घेणार."

बाहेर इंजिनं सुरू झाली होती.

पहिल्या तीन फेऱ्या ती फक्त डाव्या भिंगाकडे बघत बसली. बारक्या वळणावर जराही पाय काढत नव्हता. झेंडा काखेत होता. चौथ्या फेरीत तो हातात आला. पाचव्या फेरीत बाबा तो उलगडत होते, घाई न करता, जसे घरी चादर उलगडायचे तसे. आणि ते बघत होते थेट भिंगात, तिच्याकडे.

गाडी पुन्हा तिथे यायला दीड मिनिट होतं. तिने उठून इंजिनिअरच्या डोक्यावरून हेडफोन ओढून आपल्या कानाला लावला आणि बटण दाबलं.

"अहो, वेड लागलं का?" तो ओरडला.

"बारक्या, ताई बोलतेय. आठव्या वळणावर बाबा आहेत. मीच पुसत होते रे त्यांना. झेंडा उघडलाय. पाय काढ."

पलीकडून फक्त इंजिनाचा आवाज आला.

सहाव्या फेरीत, वळणाच्या तोंडाशी, तो आवाज खाली आला. वळणापलीकडे पुढची गाडी नुकतीच गरगरत जाऊन रस्त्यावर आडवी झाली होती. खऱ्या झेंडेवाल्याचा हात अजून वर गेलाही नव्हता. बारक्या हातभर अंतर ठेवून कडेने निघून गेला. इंजिनिअरने मागे वळून शिंपिणीकडे पाहिलं आणि हेडफोन परत मागितला नाही.

ती रडत होती आणि रडता रडता पडदा बघत होती. सातव्या फेरीत टायरची भिंत डाव्या भिंगातही रिकामी होती. तिला हायसं वाटलं. मग तिची नजर दुसऱ्या पडद्यावर गेली. लाल ठिपके भिंतीवरून उठले होते. हजारोंनी ते गाडीतच येऊन बसले होते, बारक्याच्या उजव्या खांद्यामागे, जिथे तिचा शेवटचा सांधा पडायचा. गाडीत जागा एकाचीच होती.

"ताई," कानात बारक्याचा आवाज आला, अगदी हळू. "माझ्या मागे कोणी बसलंय का गं?"

उजव्या भिंगाचं मूळ चित्र उघडायला एक कळ पुरेशी होती. तिने बोट नेलं आणि मागे घेतलं.

"हो," ती म्हणाली. "तू पुढे बघ."