सत्तावीस दिवसांची बाहेरची

सायली सिस्टरचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. सुई द्यायची माझ्या सुनेला, उज्वलाला, आणि बोलायचं माझ्याशी. "मावशी, आता तीन महिने काळजी नाय. पुढची तारीख कार्डावर हाय." झालं. उज्वला काही विचारणार तोवर बाईंनी पुढचीचा दंड धरला होता.

उज्वलाचं सिझर झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, इतक्यात दुसरं मूल राहिलं तर जिवावर बेतेल. म्हणून दिवस राहू नयेत अशी तीन महिन्यांची सुई द्यायला मीच तिला आरोग्य उपकेंद्रात नेली.

पंधरा दिवसांनी तिला डाग लागायला लागले, ते थांबेनात. आमच्यात बाई बाहेरची झाली की तिला चूल नाही, देव नाही, माठाला हात नाही. रीत चार दिवसांची. ही सत्तावीस दिवस पडवीत पोतं अंथरून, अंगावरचं लेकरू घेऊन. माझा मुलगा मनोज अंबडच्या कारखान्यातून आला की विचारायचा, "आई, अजून किती दिवस?"

"रीत काय मी काढली?" मी म्हणायचे.

शेजारच्या बयाबाईनं निदान केलं, "सुई बाधली. आता पुन्हा टोचली तर दूध आटंल." मला पटलं. सुईच्या पुढच्या तारखेला मी उज्वलाला पाठवलीच नाही.

काल कळलं, तिला दिवस गेलेत, दोन महिने झाले. लेकरू अजून आठ महिन्यांचं. रात्रभर ती पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून बसली होती.

आज कार्ड घेऊन मी उपकेंद्रात गेले. बाकावर तीन सुना, शेजारी तीन सासवा.

"डाग लागतात, ते तुला ठाऊक होतं?"

"होतं, मावशी. लय जणींना लागतात. बहुतेकींचे थांबतात."

"मग बोलली का नाय?"

सायलीनं मान खाली घातली. "ट्रेनिंग अर्ध्या दिवसाचं. सुई कुठं टोचायची, रजिस्टर कसं भरायचं, एवढंच. बाईशी काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नाय." मग हळूच म्हणाली, "अन् तुमच्यापुढं असलं बोलायची मला भीती वाटली."

ते मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं.

"ऐक सायली," मी म्हटलं, "दुसरी यत्ता शिकलेय मी, पण एवढं कळतं. तू तोंड उघडलं नाय, मी घराचं दार उघडलं नाय, अन् मरण दिसतंय तिला. चुकलो दोघी. तुला शिकवलं नसंल तर वरच्या सायबांकडं शिकवायला माग. या भागीबाईनं सांगितलंय म्हणावं. अन् आजपासून सुई नंतर, आधी सुनेशी बोलायचं, तिच्या एकटीशी. सासवा बाहेर बसतील. पहिली मी बसते."