चंदेरी मासा

रत्नागिरीला नोकरीला असलेला सुमित काविळीनं गेला आणि त्याचं सामान वरकुट्याला आलं. त्यात सुरमईच्या गळाला लावायचे पत्र्याचे नकली मासे निघाले. त्याचे वडील भानुदास जन्मभर उजनीच्या पाण्यात गांडूळ लावून गळ टाकत आलेले. सुरमई चकाकीवर धावते, हे लेकानं सांगितलेलं त्यांना आठवलं. रंगीत मासे बाजूला सारून त्यांनी चंदेरी निवडला.

"आबा, हितं सुरमई कुठं हाय?" सून करुणा म्हणाली.

"न्हाय, पोरी. मला समुद्रावर न्हेणार व्हता त्यो."

धरणाकाठी त्यांनी गळ लांब फेकला, हळूहळू ओढून घेतला. काहीच लागलं नाही.

"मला बी टाकू द्या," करुणा म्हणाली, आणि सुमित गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. भानुदासांनी तिच्या हातात दोर दिला.