भिंतीवरची गाढवी

आपलं तोंड गाढवासारखं आहे असं एखाद्याला कळलं, तर शहाण्या माणसानं मुकाट्यानं घरी बसावं. फार तर आरसा भिंतीकडे फिरवून ठेवावा. चर्च कमिटीच्या अध्यक्षांचं सगळंच जगावेगळं. ते सकाळपासून घरोघर जाऊन माणसं गोळा करत होते, चर्चमागच्या खोलीत आणून भिंतीवरच्या चित्रापुढे उभी करत होते आणि विचारत होते, "नीट बघा. मीच आहे ना हा?"

माणसं भिडस्त. आधी कोणाला काही दिसेना. खजिनदार म्हणाला, "छे हो, कुठं काय? गाढव आहे ते."

"डोळे फुटले का तुमचे?" अध्यक्ष त्याच्यावर खेकसले. "ही हनुवटी बघा. हा ओठ बघा. माझा नाही?"

मग खजिनदाराला दिसलं. एवढी बोलणी खाऊन कोणालाही दिसलं असतं. दुपारपर्यंत सगळ्या आळीला दिसायला लागलं. दूधवाल्याला तर खोलीत पाऊल न टाकताच दिसलं.

"माणसाला अब्रू जायची भीती असते," थोरल्या बाई म्हणाल्या, "यांना ती गेलेली कोणाच्या नजरेतून सुटेल की काय याची भीती."

थोरल्या बाईंचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून अक्षरं मुलगा काढायचा. त्याच्या हातून वाकडं अक्षर कधी गेलं नाही आणि तोंडातून सरळ उत्तर कधी आलं नाही. चित्रं सून काढायची, पण आजवर तिच्या वाट्याला आली होती ती फक्त औषधाची बाटली, बुटांचा जोड, सलूनच्या दारावरची कात्री. बायबलमधल्या जनावरांची ही भिंत तिची पहिलीच मोठी भिंत होती. रविवारच्या शाळेची खोली नव्यानं बांधली होती आणि पोरांना गोष्टी सांगताना समोर चित्रं असावीत असं कमिटीनं ठरवलं होतं.

आणि डोळे थोरल्या बाई काढायच्या. या घरची रीतच तशी होती. चित्र कोणीही काढो, डोळे सगळ्यात शेवटी आणि ते थोरल्या बाईंनीच. शाळेत त्या फार टिकल्या नव्हत्या. अक्षरांशी त्यांची ओळख रस्त्यात भेटणाऱ्या लोकांशी असते तेवढीच, म्हणजे चेहरा माहीत, बोलणं नाही. पण हात असा की पापणीचा केस काढतानाही थरथरायचा नाही. नाक भिंतीला टेकेपर्यंत जवळ जायच्या, श्वास धरायच्या आणि एका टिपक्यात माशाला, मेंढीला, कावळ्याला जाग आणायच्या.

गोष्टी त्यांना ऐकून ऐकून पाठ होत्या. डोळे काढता काढता त्यांची टकळी चालू असायची.

"हा कावळा बघ. नोहानं तारवातून आधी याला सोडलं. पाणी आटेपर्यंत हा घिरट्या घालत राहिला. कोणी नाव तरी घेतं का? ते कबूतर एक पान घेऊन आलं, तर अजून कार्डांवर मिरवतंय. आणि हा योना. कामचुकारपणा करून पळाला कोण? हा. पोटात घेऊन फिरायचं कोणी? माशानं. वर त्याला किनाऱ्यावर आणून सोडायचं तेही माशानंच."

सून स्टुलावरून हसायची.

"हसू नकोस. त्या सिंहांचं तर विचारूच नको. रात्रभर जेवण समोर बसलंय, प्रार्थना म्हणतंय, आणि हे उपाशी. नाव झालं दानीएलाचं. आणि ते वासरू! पोरगं बापाचा पैसा उधळून घरी आलं, म्हणून आनंदानं कापलं कोणाला? वासराला. त्यानं काय उधळलं होतं गं? चार मुठी गवत?"

अध्यक्ष रोज यायचे. हातात काठी. पाय धडधाकट होते, काठी दाखवायला होती. हे वर घ्या, ते खाली घ्या, मेंढ्या पांढऱ्या जास्त झाल्या. मागे अध्यक्षीणबाई, अध्यक्षांचा चष्मा, त्यांची पाण्याची बाटली, त्यांचा मफलर सांभाळत. त्यांना कधी नवऱ्याच्या बरोबरीनं चालताना कोणी पाहिलं नव्हतं. पुढे चालण्याचं तर नावच नको.

"सिंहाला जरा भारदस्त तोंड द्या," एक दिवस अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "वजनदार. म्हणजे समजा, एखादा अनुभवी माणूस असतो ना, तसं."

"कोणासारखं देऊ?" सुनेनं सरळ मनानं विचारलं.

"आता मी काय सांगणार!" असं म्हणून ते एका बाजूनं दिसतील असे उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले.

सुनेनं सिंह काढला तो पिठाच्या गिरणीतल्या बोक्यावरून. दानीएलाच्या पायाशी पडून जांभई देणारा. तिथूनच अध्यक्षांचं पोट दुखायला लागलं होतं.

पण खरं काय झालं ते काल झालं. अध्यक्षीणबाई चष्मा द्यायला आल्या, बलाम आणि त्याच्या गाढवाच्या चित्रापुढे थबकल्या, आणि हसल्या. ही बाई हसू शकते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हातातली बाटली खाली पडली तरी हसत राहिल्या. वाटेत हसल्या. जेवताना ठसका लागला तेव्हाही हसल्या. अध्यक्षांनी दरडावून विचारलं, तर नुसती मान हलवली. म्हणून अध्यक्ष सकाळी भिंतीपुढे येऊन शोधत बसले, बायको हसली कशाला? माशात आपलं काही नाही. कावळ्यात नाही. सिंहात तर नाहीच, ते दुःख वेगळं. आणि मधोमध, पुरुषभर उंच, थेट समोर बघणारं गाढव! सापडलं.

निकाल लगेच लागला. उद्या उद्घाटन, त्याआधी संध्याकाळी गाढवावर चुना. आणि सुनेनं पुन्हा चर्चच्या भिंतीला हात लावायचा नाही. मुलगा "हो साहेब, हो साहेब" करत घरी आला आणि बायकोला म्हणाला, "तू आपली रंग कालव. चित्रांच्या भानगडीत पडू नकोस आता. आहे ते काम जायचं."

सून दुकानाच्या मागच्या बाजूला बसून ब्रश धूत होती. स्वच्छ झालेले ब्रश पुन्हा धूत होती.

थोरल्या बाई तिच्यापुढे स्टूल ओढून बसल्या. "गाढवाचं तोंड कुठून उचललंस?"

"वीटभट्टीवरच्या गाढवाचं आहे, आई. सकाळी जाऊन बघून यायचे मी."

"मग अध्यक्ष त्यात कुठून घुसले?"

"गाढवात नाहीत ते," सून म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"गाढवात नाहीत? मग कशात आहेत?"

सून ब्रश धुवायला लागली.

"टक्कल पडेल त्या ब्रशाला. बोल."

"आता कसं सांगू? गाढवाला मारणारा माणूस मला कुठं बघायलाच मिळेना. भट्टीवाला मी दिसले की हात खाली घ्यायचा. आणि इकडे मी स्टुलावर, खाली अध्यक्ष तुमच्या लेकाला झापतायत, काठी अशी वर. त्यांची पाठ माझ्याकडे. रोज तेच दिसायचं. मग बलाम पाठमोराच काढला मी."

थोरल्या बाईंनी चपला घातल्या आणि सुनेला घेऊन चर्चमागची खोली गाठली. गाढवाचे डोळे त्यांनीच काढले होते, पण वर बसलेल्या बलामाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाठमोऱ्या माणसाला डोळे नसतात, आणि ज्याला डोळे नाहीत त्याच्याशी त्यांचा संबंध नसे. आता त्या चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या.

गाढव तोंड समोर करून अडून उभं होतं. त्याच्यावर बलाम उलट्या अंगाला वळलेला, काठी उगारून त्याच्या पुठ्ठ्यावर मारतोय. कॉलरच्या वर मानेच्या दोन जाड वळ्या, मधे एक मस, मसावर ताठ उभे केस. एक कान दुसऱ्यापेक्षा जरा बाहेर आलेला. हातातल्या काठीला वरून चांदीची टोपी.

स्वतःची मान कोणाला दिसते? न्हाव्याला दिसते. आणि जन्मभर मागून चालणाऱ्या माणसाला.

"मस कशाला काढायला गेलीस गं?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"होता तिथं."

सुनेचं कौतुक थोरल्या बाईंनी कधी केलं नव्हतं आणि आत्ताही करायचा त्यांचा विचार नव्हता. "रेघ बरी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. सुनेनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या पदर खोचत होत्या.

संध्याकाळी कमिटी जमली. मुलगा चुन्याची बादली घेऊन खाली मान घालून उभा. चर्चचे पाळकसाहेब दाराजवळ, म्हणजे गरज पडली तर बाहेर जाता यावं. अध्यक्षीणबाई चष्म्याची डबी घेऊन कोपऱ्यात.

थोरल्या बाई सुनेला हाताला धरून आत आल्या. "चुना मारायच्या आधी एक सांगते. या भिंतीवरचे सगळे डोळे माझे आहेत. तेव्हा जे काही बोलायचं ते हिला नाही, मला बोला."

"डोळ्यांची तक्रार नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. "तोंडाची आहे. हे गाढव—"

"गाढवी."

"काय?"

"गाढवी आहे ती. विचारा पाळकसाहेबांना."

पाळकसाहेबांनी स्वतःच्या बुटांचा सल्ला घेतला. "हो, म्हणजे, शास्त्रात गाढवीच आहे."

"म्हणजे हा आणखीच अपमान!" अध्यक्ष कडाडले.

"अपमान? अहो, गोष्ट तरी आठवते का? वाटेत देवदूत तलवार उपसून उभा. दिसला कोणाला? गाढवीला. वर बसलेला हा मोठा शहाणा, राजे याला बोलावणी धाडतात, याला काही दिसेना. ती आडवाटेला वळली, याचा जीव वाचवला, यानं झोडपली. भिंतीला घासली, पुन्हा झोडपली. शेवटी खालीच बसली, तरी झोडपली. देवाला तिला वाचा द्यावी लागली. का, तर माणसाला डोकं देऊन उपयोग झाला नव्हता. आणि ती बोलली तरी काय? शिव्या दिल्या? नाही. मी तुझं काय केलं, एवढंच विचारलं बिचारीनं."

"गोष्टी पोरांना सांगा," अध्यक्ष म्हणाले. "ए, बघतोस काय? लाव चुना. इथून सुरू कर!" आणि कुठून ते दाखवायला ते भिंतीकडे वळले, कमिटीकडे पाठ केली आणि काठी वर उगारली.



भिंतीवर एक मान आणि भिंतीपुढे एक मान. वळ्यांना वळ्या, मसाला मस, कानाला कान, चांदीच्या टोपीला चांदीची टोपी. या वेळी खजिनदाराला कोणी दाखवावं लागलं नाही. त्यानं रुमाल तोंडात कोंबला. पाळकसाहेब खोकायला लागले आणि थांबेनात. मुलाच्या हातातला ब्रश बादलीत पडला.

"काय झालं?" अध्यक्ष भिंतीकडे बघतच ओरडले. "इथून म्हटलं ना, या कानापासून!"

तेव्हा अध्यक्षीणबाई कोपऱ्यातून निघाल्या. चष्म्याची डबी त्यांनी खजिनदाराच्या हातात दिली, बादलीवर झाकण ठेवलं, दाबून बसवलं, आणि त्यावर पदर सावरून बसल्या.

अध्यक्ष वळले. "हे काय? ऊठ."

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण हलल्या नाहीत.

"ऊठ म्हणतो ना!"

"चित्र राहू दे. छान झालंय."

अध्यक्षांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटी छताकडे पाहत होती. "तुला हसू कशाचं येतं ते तरी सांग! सगळ्यांना काय झालंय? मी गाढवासारखा दिसतो का नाही?"

सून थोरल्या बाईंचा हात ओढत होती, आई, असू दे, चला आता. पण थोरल्या बाईंनी हात सोडवला, भिंतीपाशी गेल्या आणि बलामाच्या मानेवर बोट ठेवलं.

"नाही हो अध्यक्ष, तुम्ही कुठले गाढव! तेवढी तुमची योग्यता नाही. तिला वाटेतला देवदूत दिसला, तुम्हाला बादलीवर बसलेली बायको दिसेना. तुमची जागा माझ्या सुनेनं बरोबर दिलीय, ही बघा, इथं वर, पाठीवर, काठीसकट. गाढवी व्हायची एवढी हौस असेल ना, तर आधी खाली उतरा."