मास्तरांच्या हातची तार

आमच्या कारखान्यात बाबांना सगळे मास्तर म्हणायचे. चिपच्या पॅकेजमध्ये, म्हणजे चिप बसवायच्या डबीत, केसाहून बारीक तार जोडायला तिथल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं. त्या तारेच्या पोटात तांबं, त्यावर प्लास्टिकचा पातळ थर आणि वरून सोन्याचं कवच. तांब्यातून वीज चिपकडे जाते, कवचातून परत येते. टोकाचं कवच नीट सोललं गेलं नाही आणि तांब्याला टेकलं, की शॉर्ट.

जोडलेलं तपासायचं काम माझं. त्या आठवड्यात वीसपैकी सात पॅकेजं शॉर्ट निघाली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर सातही ठिकाणी कवच ओरबाडल्यासारखं झालेलं. हात कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सकाळी बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले होते आणि आई कप अर्धाच भरत होती.

"तारच खराब आली का गं?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. "बघते," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत बाबांना जिन्यात गाठलं.

"बाबा, तुमचा हात..."

"दोन महिने झाले. गोळ्यांनी कंप वाढायचा मंदावेल, थांबणार नाही म्हणतात डॉक्टर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तपासायला तूच बसतेस. तुझ्या गळ्यात धोंड कशाला बांधू?" मग म्हणाले, "दुपारी पाच पॅकेजं जोडतो. माझ्या तोंडाकडे बघून काही लिहू नकोस."

कोपरं टेबलावर दाबून, श्वास रोखून त्यांनी पाच पॅकेजं जोडली. पहिलं चांगलं निघालं, दुसरंही. तिसरं शॉर्ट. मीटरच्या सुया पुसून पुन्हा लावल्या, तरी शॉर्टच. चौथं चांगलं, पाचवं पुन्हा शॉर्ट. मी लिहिलं. बाबांनी कागद उचलला, "अक्षर तरी नीट काढायचंस," म्हणाले आणि स्वतःच साहेबांकडे घेऊन गेले.

आता ते स्टोअरमध्ये तारेची रिळं देतात. काल रीळ द्यायला माझ्या टेबलाजवळ आले, तेव्हा नव्या मुलीने त्यांना कवच कसं सोलायचं ते विचारलं.

"डोळ्यात गेलेला केस काढतो ना, तसं. ओढायचं नाही, अलगद उचलायचं."

"एकदा करून दाखवा ना, मास्तर."

बाबांनी हात खिशात घातले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मायक्रोस्कोपवर वाकले. खाली काहीच ठेवलेलं नव्हतं.